केपसर्व्हर-ईएक्समध्ये एस७-१२०० जोडलाय, पिंग होतो, तरी सगळ्या टॅगची क्वालिटी ‘बॅड’ का?

केपसर्व्हर-ईएक्स पीएलसीतला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधला) डेटा वाचून स्काडाला, म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनच्या सॉफ्टवेअरला देतो; एस७-१२०० हा सीमेन्सचा पीएलसी. टॅग म्हणजे त्यातली एक व्हॅल्यू, आणि क्वालिटी ‘बॅड’ म्हणजे ती वाचता येत नाही. पिंग होतो याचा अर्थ केबल, स्विच आणि आयपी ठीक आहेत, एवढंच. केपसर्व्हरचा सीमेन्स टीसीपी/आयपी ड्रायव्हर पीएलसीशी पोर्ट १०२ वर बोलतो. सर्व्हरच्या मशीनवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन कमांडला पीएलसीचा आयपी आणि पोर्ट १०२ द्या. ‘फॉल्स’ आलं तर मधला फायरवॉल बघा. ‘ट्रू’ आलं तर पुढे वाचा.

आधी केपसर्व्हरमधल्या डिव्हाइसमध्ये रॅक ० आणि स्लॉट १ (सीपीयू कुठे बसलाय ते सांगणारे आकडे) आहे ना ते बघा. जुन्या एस७-३०० च्या प्रोजेक्टमधून डिव्हाइस कॉपी केलं असेल तर स्लॉट २ तसाच राहून जातो.

मग एमबी० (पीएलसीच्या मेमरीतला पहिला बाइट) असा एकच टॅग बनवा, टाइप बाइट, आणि क्विक क्लायंटमध्ये (केपसर्व्हरचं टॅग तपासायचं टूल) उघडा. तोही बॅड असेल तर पुट/गेट (बाहेरच्याला पीएलसीची मेमरी वाचू-लिहू देणारी सोय) बंद आहे. फर्मवेअर ४.० पासून १२०० मध्ये ते मुळातच बंद येतं. टीआयए पोर्टलमध्ये (सीमेन्सचं प्रोग्रामिंग सॉफ्टवेअर) सीपीयूच्या प्रॉपर्टीज, प्रोटेक्शन अँड सिक्युरिटी, कनेक्शन मेकॅनिझम्स इथे ‘परमिट अ‍ॅक्सेस विथ पुट/गेट’ला टिक करा. हा हार्डवेअर कॉन्फिगरेशनचा बदल आहे, डाउनलोड करताना सीपीयू स्टॉपमध्ये जातो. त्यामुळे लाइन चालू असताना हे करू नका, शटडाउन मागून घ्या. आणि पुट/गेटला पासवर्ड नसतो: पोर्ट १०२ पर्यंत पोचलेला कुणीही वाचू शकतो, लिहूही शकतो. फायरवॉलवर हा पोर्ट फक्त सर्व्हरच्या आयपीला उघडा ठेवा.

एमबी० गुड पण डीबीचे (डेटा ब्लॉक, व्हेरिएबल साठवायची जागा) टॅग बॅड, असं असेल तर दोष ‘ऑप्टिमाइज्ड ब्लॉक अ‍ॅक्सेस’चा. अशा डीबीत व्हेरिएबलला ठरलेला ऑफसेटच (ब्लॉकमधला बाइट क्रमांक) नसतो, मग ड्रायव्हर पत्त्यावरून वाचणार काय? डीबीच्या अ‍ॅट्रिब्यूट्समधली टिक काढायला सगळे सांगतात. पण चालू प्रोसेसच्या डीबीची टिक काढून डाउनलोड केलंत तर डीबी नव्याने इनिशियलाइझ होतो आणि ऑपरेटरने भरलेले सेटपॉइंट जाऊन स्टार्ट व्हॅल्यू येतात. म्हणून माझं ठाम मत, जुन्या डीबीला हात लावूच नका. समजा डीबी१०० असा नवा डीबी करा, त्याचा ऑप्टिमाइज्ड अ‍ॅक्सेस सुरुवातीलाच बंद ठेवा, आणि सर्व्हरला हव्या तेवढ्याच व्हॅल्यू ओबी१ (पीएलसीचा मुख्य प्रोग्राम) मधून मूव्ह करून त्यात आणा.

त्या डीबीत सगळे रिअल (दशांश आकडे) आधी, मग इंट (पूर्णांक), बूल (हो/नाही) शेवटी, असं ओळीने मांडा. १२०० चा पीडीयू (एका संदेशाचा कमाल आकार) २४० बाइटचा असतो; सलग ५० रिअल म्हणजे २०० बाइट, एका विनंतीत येतात. तेच टॅग चार डीबींत विखुरले की विनंत्या वाढतात आणि अपडेट रेंगाळतं.

पत्ता असा लिहायचा: डीबी१००,रिअल४. टाइप फ्लोट. ऑफसेट मनाने मोजू नका, डीबी कंपाइल केल्यावर ऑफसेटचा कॉलम भरतो, तिथूनच उचला. रिअल ० वर, बूल ४.० वर असेल तर पुढचा रिअल ६ वर येतो, कारण तो सम बाइटवरच सुरू होतो. तुम्ही ८ लिहिलंत तरी क्वालिटी गुडच दिसेल, आकडा मात्र भलताच! तापमान, प्रेशर अशा दोन-तीन व्हॅल्यू पीएलसीच्या वॉच टेबलशी ताडून बघाच.

आता स्काडाची बाजू. क्विक क्लायंटमध्ये गुड आणि स्काडात काहीच नाही, तर ओपीसी यूएचं (सर्व्हर आणि स्काडा ज्यावरून बोलतात तो प्रोटोकॉल) सर्टिफिकेट अडलेलं असतं. सर्व्हरचा पोर्ट ४९३२०. क्लायंटने एकदा जोडणीचा प्रयत्न केला की ओपीसी यूए कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या ‘ट्रस्टेड क्लायंट्स’मध्ये त्याचं सर्टिफिकेट नाकारलेलं दिसतं; त्यावर ‘ट्रस्ट’ करा. क्लायंटच्या बाजूनेही सर्व्हरचं सर्टिफिकेट स्वीकारावं लागतं, ते हमखास राहतं.

टॅगमधला स्कॅन रेट बदलूनही फरक दिसत नसेल तर डिव्हाइसचा स्कॅन मोड बघा. डिफॉल्टला क्लायंटने मागितलेला रेट चालतो. क्लायंटमध्ये १०० मिलिसेकंद असेल तर १००० करा, तापमानाला तेवढं पुरतं.

आणि सगळं दोन तास नीट चालून एकदम बॅड झालं, तर पीएलसीत काही शोधू नका. लायसन्स नसलेला ड्रायव्हर डेमोमध्ये दोनच तास चालतो.