मॅन्युअलमध्ये 'हॉट स्वॅप' लिहिलंय, मग डिस्टिलरीच्या पॅनलमधलं आय/ओ मॉड्यूल (सेन्सर आणि व्हॉल्व्ह प्रोसेसरला जोडणारं कार्ड) चालू सप्लायवर काढलं तर चालतं का?

पॅनल झोन 2 मध्ये, म्हणजे पेटणारी वाफ कधीतरी थोडा वेळ येऊ शकते अशा जागेत, असेल तर नाही. हेच वाक्य पुढे करून लातूरकडच्या एका कारखान्यात शिफ्ट इनचार्जनी माझ्याशी तासभर वाद घातला होता, म्हणून लिहितोय.

हॉट स्वॅप म्हणजे मॉड्यूल उपसलं तरी बॅकप्लेन (मॉड्यूल ज्यात बसतात तो मागचा बोर्ड) जळत नाही, प्रोसेसर चालू राहतो. एवढंच. बाहेरच्या वाफेशी त्याचा संबंध नाही. त्याच मॅन्युअलमध्ये धोकादायक जागेसाठी वेगळी सूचना असते, ती शोधा.

तेव्हा रिसीव्हरजवळच्या (तयार स्पिरिट जमा होते ती टाकी) पॅनलमधलं रिले आउटपुट मॉड्यूल गेलं होतं. हंगाम जोरात. शिफ्ट इनचार्ज म्हणाले, "24 व्होल्टच तर आहे, उपसून टाक." 24 व्होल्टनं माणसाला काही होत नाही, पण पुढे सोलेनॉइडची कॉइल असते. करंट तुटला की तिच्यातली ऊर्जा टर्मिनलवर ठिणगी होऊन निघते, आणि इथेनॉलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलही लागत नाही. मी अडून बसलो. गॅस डिटेक्टर पॅनलच्या तळाशी नेला, कारण ही वाफ हवेपेक्षा जड असते. केबल ट्रेंचच्या तोंडाशी एलईएलच्या (वाफ पेटू शकेल अशा किमान प्रमाणाच्या) 14 टक्के! पंपाचं सील गळत होतं. तो डिटेक्टर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे इथेनॉल खरं त्याहून जास्तच असणार.

सील बदललं, रीडिंग शून्यावर आलं, मग एमसीबी बंद करून लॉक आणि टॅग लावला. तरीही एका रिलेच्या कॉमन टर्मिनलवर 230 व्होल्ट होते, दुसऱ्या पॅनलमधून आलेले. म्हणून ड्रॉइंगमधले सगळे फीड शोधा, यूपीएससुद्धा. मीटर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग बंद केलेल्या टर्मिनलवर लावा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. साधा मल्टीमीटर आणि मोबाइल हेही ठिणगी पाडू शकतात, गॅस शून्य असल्याशिवाय आत नेऊ नका. प्लगसारखा निघणारा टर्मिनल ब्लॉक ओढणं म्हणजेही सर्किट तोडणंच.

नवीन मॉड्यूलचा पूर्ण कॅटलॉग नंबर आणि एक्स मार्किंग (स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित असल्याची Ex ही खूण) जुन्याशी जुळवा, शेवटचं अक्षरसुद्धा. तापमान वेगळं लिहिलेलं नसेल तर एक्स उपकरण 40 अंशांपर्यंतच धरलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पॅनलबाहेरच 42 असतात. स्क्रू प्लेटवरच्या टॉर्कनं आवळा. केबल आत घेणाऱ्या ग्लँडच्या रिकाम्या भोकाला एक्स प्लग लावा, चिकटपट्टी नको.

हो, इंट्रिन्सिकली सेफ सर्किटची (ठिणगी पडली तरी वाफ पेटणार नाही इतकी कमी ऊर्जा असलेल्या) निळी फील्ड वायर चालू असतानाही सोडवता येते, पण मॉड्यूलचा सप्लाय सहसा तसा नसतो. पॅनल झोनच्या बाहेर कंट्रोल रूममध्ये असेल तर हॉट स्वॅप खुशाल करा, फक्त त्या आउटपुटवरचा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला जाईल ते आधी बघा.

इनचार्जशी शब्दाला शब्द वाढवू नका. झोनचं ड्रॉइंग आणि मॅन्युअलचं ते पान पुढे ठेवा, परमिटवर त्यांची सही मागा. माझ्या वेळी सही मागितल्यावरच वाद थांबला.