वजनकाट्यावर दिलेला नकार आणि त्याची पोच

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझे जुने दुखणे वर आले. तुमचा सतरा वर्षांचा मुलगा बॉक्सिंगच्या 57 किलोच्या गटात उतरतो, सकाळच्या वजनाला समोरचा खेळाडू जवळजवळ तीन किलो जास्त भरतो, आयोजक ‘दोघांनी सह्या करा आणि खेळा’ म्हणतात, मुलगा नाही म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत क्लबमध्ये ‘शेपूट घातली’ अशी चर्चा सुरू होते. आता पुढच्या स्पर्धेच्या यादीतून त्याचे नाव वगळले आहे आणि नकार देणे बरोबर होते का, असे तुम्ही विचारता आहात. माझ्या मते पूर्णपणे बरोबर होते. वजनगट कशासाठी असतात हे बॉक्सिंग करणाऱ्या मुलाच्या आईला मी सांगायला नको, म्हणून ते सोडून देतो. मी डॉक्टर किंवा वकील नाही. बरीच वर्षे हौशी गटात खेळलो आणि आता मुलांना शिकवतो, एवढ्याच अधिकाराने लिहीत आहे. नियमावल्या बदलत असतात, त्यामुळे तुमच्या संघटनेची चालू नियमावली तपासून घ्या.

भित्रेपणाचा आरोप करणाऱ्यांना व्यावसायिक बॉक्सर दिएगो कोरालेसचे उदाहरण द्या, कारण त्याला भित्रा म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. 7 मे 2005 रोजी लास वेगासमध्ये होसे लुईस कास्तियोविरुद्ध दहाव्या राउंडमध्ये तो दोनदा खाली पडला, दोन्ही वेळा उठला आणि त्याच राउंडमध्ये त्याने कास्तियोला असे गाठले की पंचांना लढत थांबवावी लागली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा लढत ठरली. मर्यादा 135 पौंडांची, म्हणजे सुमारे 61.2 किलोची होती आणि कास्तियो साडेतीन पौंड जास्त भरला. वजन चालू असताना त्याच्या पथकातील डॉक्टरचा पाय काट्याखाली गेल्याचेही पकडले गेले. तरीही कोरालेस खेळला आणि चौथ्या राउंडमध्ये नॉकआउट झाला. जून 2006 मध्ये तिसरी लढत ठरली, तेव्हा कास्तियो साडेचार पौंड जास्त भरला. या वेळी कोरालेसने हातमोजे चढवलेच नाहीत. मोठी रक्कम बुडाली, तिकिटे काढून आलेले लोक परत गेले, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला तो सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. (त्याच वर्षी पुढे कासामायोरविरुद्ध कोरालेस स्वतःच वजनात नापास झाला, हेही सांगायला हवे, काट्यापुढे कोणी साधुसंत नसतो.) अलीकडचे उदाहरण हवे असेल तर एप्रिल 2024 मधली डेव्हिन हेनी आणि रायन गार्सिया या बॉक्सरांची लढत पाहा. गार्सिया 140 पौंडांच्या मर्यादेपेक्षा 3.2 पौंड जास्त भरला, हेनीने लढत स्वीकारली आणि तो तीनदा खाली पडला. पुढे उत्तेजक चाचणीत गार्सिया दोषी आढळला आणि निकाल रद्द झाला, पण बसलेले ठोसे काही परत घेता आले नाहीत.

यावरून माझे मत असे झाले आहे की नकार अटींना असेल तर तो न्याय्य असतो आणि माणसाला असेल तर त्याची नीट छाननी व्हावी. वजन, वयाचा दाखला, वैद्यकीय तपासणी, हातमोजे, नॉकआउटनंतरची विश्रांती यांतले काही ठरल्याप्रमाणे नसेल, तर समोर कोणीही असो, लढत नाकारायला हरकत नाही. समोरचा केवळ चांगला खेळतो म्हणून वर्षानुवर्षे त्याला टाळणे ही वेगळी गोष्ट आहे, विशेषतः टाळणारा विजेता असेल तेव्हा. हेवीवेट विजेत्या रिडिक बोवने डिसेंबर 1992 मध्ये लंडनमध्ये आपला डब्ल्यूबीसी (जागतिक बॉक्सिंग परिषद) विजेतेपदाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, पण तो दावेदार लेनॉक्स लुईसशी खेळला नाही. ते मला आजही पटत नाही. त्याहून वाईट प्रकरण हेवीवेट विजेत्या जॅक डेम्प्सीच्या काळातले आहे. 1919 ते 1926 या त्याच्या विजेतेपदाच्या सात वर्षांत हॅरी विल्ससारख्या तगड्या कृष्णवर्णीय दावेदाराला संधी मिळालीच नाही. दोष एकट्या डेम्प्सीचा नव्हता, लढती भरवणारे प्रवर्तक आणि अधिकारीही त्यात होते, पण त्या टाळाटाळीला कोणतेही न्याय्य कारण नव्हते. तुमच्या मुलाला बोवच्या रांगेत बसवणाऱ्यांना हा फरकच कळलेला नाही.

आता माझ्या अनुभवाकडे येतो, कारण तुमच्या मुलाचे खरे नुकसान रिंगमध्ये नव्हे तर कार्यालयात होण्याची शक्यता आहे. माझीही लढत अशीच वजनावरून फिसकटली होती. समोरचा खेळाडू जास्त भरला, माझ्या प्रशिक्षकांनी तिथल्या तिथे तोंडी हरकत घेतली, वजन घेणाऱ्या पंचांनी मान डोलावली आणि आम्ही निघालो. काही आठवड्यांनी निवड चाचणीची यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे ‘अनुपस्थित’ असा शेरा होता. संघटनेच्या कार्यालयात गेलो तर तिथले गृहस्थ म्हणाले की वजनाचा तक्ता स्पर्धेच्या आयोजकांकडे असतो. आयोजक म्हणाले की तक्ता संघटनेला पाठवला. लेखी अर्ज दिला, तर तो घेऊन खणात टाकण्यात आला. पोच मागितली तेव्हा शिक्का साहेबांकडे असल्याचे कळले, आणि साहेब कायम दौऱ्यावर असत. एकदा तर तो शिक्का त्याच टेबलावर, शाईच्या डबीशेजारी पडलेला मला दिसत होता. मी बोट दाखवले तेव्हा तो शिक्का दुसऱ्या विभागाचा निघाला. या टोलवाटोलवीत निवड चाचणी होऊन गेली आणि ते वर्ष हातचे गेले. जास्त भरलेला खेळाडू मात्र पुढे चाल मिळवून वरच्या फेरीत पोहोचला, कारण कागदोपत्री त्याचा प्रतिस्पर्धी आलाच नव्हता. माझ्या आयुष्यात मी बरेच ठोसे खाल्ले, पण त्या एका शेऱ्याइतका कोणताच महागात पडला नाही.

म्हणून सगळ्यात आधी तुमच्या मुलाच्या नावापुढे काय शेरा पडला आहे ते शोधून काढा. क्लबमधली कुजबुज चार दिवसांत विरते, शेरा विरत नाही. ‘अनुपस्थित’ असा शेरा असेल, तर तो दुरुस्त करून ‘प्रतिस्पर्धी वजनात अपात्र’ असे नोंदवण्याची मागणी लेखी करा. अर्जात भावना लिहू नका. तारीख, गट, दोघांची नोंदलेली वजने आणि हजर असलेल्या पंचांचे पद एवढेच लिहा. हाती पोच देत नसतील, तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. वजनाच्या तक्त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो कोणाकडे असेल, तर तो आजच मागून घ्या, कारण महिन्याभराने तो कोणालाच सापडत नाही. ज्या कागदावर दोघांच्या सह्या मागितल्या होत्या, तो मिळाला तर फारच उत्तम. उद्या काही बरेवाईट झाले, तर ‘पालकांच्या संमतीने’ असे म्हणून हात वर करायला तोच कागद पुढे केला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

विषय निघालाच आहे म्हणून हातांबद्दलही सांगतो. समोरच्याच्या हाताला बँडेज बांधले जाते, तेव्हा आपल्या कोपऱ्यातल्या माणसाने तिथे उभे राहावे आणि ते संशयी स्वभावाचे लक्षण समजू नये. जानेवारी 2009 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये शेन मोस्लीचे प्रशिक्षक नाझिम रिचर्डसन यांनी अशीच हरकत घेतली आणि अँटोनियो मार्गारितोच्या बँडेजमध्ये कडक झालेले पॅड सापडले. बँडेज नव्याने बांधायला लावले, मोस्ली नवव्या राउंडमध्ये जिंकला आणि मार्गारितोचा परवाना वर्षभरासाठी रद्द झाला. जून 1983 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बिली कॉलिन्सच्या बाबतीत तसे कोणी वेळेवर पाहिले नाही. त्याचा प्रतिस्पर्धी लुईस रेस्तो याच्या हातमोज्यांतले अस्तर काढलेले असल्याचे लढत संपल्यावर लक्षात आले, आणि कॉलिन्सची नजर कायमची अधू झाली.

मुलाला एक गोष्ट मात्र नीट समजावून सांगा, आणि यावर इथले काही जण माझ्याशी भांडतील. आज दिलेला नकार त्याने सवयीचा करू नये. डावखुरा प्रतिस्पर्धी, उंच प्रतिस्पर्धी, मागच्या वेळी हरवून गेलेला प्रतिस्पर्धी, यांना टाळण्याचे कारण नाही, निदान त्याच्या वयात तरी नाही. जास्त भरलेल्या याच प्रतिस्पर्ध्याचे वजन पुढच्या वेळी 57 किलोत बसले, तर त्याच्याशी खेळायला हवे, आणि शक्य असेल तर तसे आधीच त्या अर्जात एका ओळीत लिहून टाका. त्यामुळे घाबरल्याचा आरोप कागदावर तरी टिकत नाही. नॉकआउट झाल्यावर सक्तीची विश्रांती असते, ती मात्र प्रशिक्षक म्हणाले तरी मोडू देऊ नका. डोकेदुखी किंवा मळमळ राहिली असेल, तर डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत स्पारिंग, म्हणजे सरावातली लढतसुद्धा नको.

क्लब बदलावा का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. प्रशिक्षक त्या दिवशी काट्याजवळ मुलाच्या बाजूने उभे राहिले असतील, तर बदलू नका; मुलांच्या टोमण्यांसाठी चांगला प्रशिक्षक सोडणे परवडत नाही. त्यांनीच सही करायला सांगितले असेल, तर पुढच्या हंगामाची फी भरण्याआधी दुसरा क्लब पाहून या. स्पर्धेच्या प्रवेश शुल्काचे म्हणाल, तर ते परत मिळेल अशी आशा ठेवू नका, पण अर्जात मागायला विसरू नका, कारण पैशांचा उल्लेख असलेला अर्ज खणात टाकायला कारकून जरा कचरतो.