काकूंना बोलावलंस का?

अरे,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. कोपरखैरण्याचे ते गृहस्थ मार्चअखेर निवृत्त झाले, पीएफ-ग्रॅच्युइटीची रक्कम खात्यात पडून आहे, बँकवाले पेन्शनच्या पॉलिसीसाठी मागे लागलेत आणि तू मृत्युपत्राचा विषय काढताच ते भडकले. "गुंतवणुकीचं बोला, माझ्या मरणाचं नको." आता तू मला विचारतोस, हे विचारणं आपल्या, फंड विकणाऱ्यांच्या, कामात बसतं का.

तुझ्या मेसेजमध्ये फंडांची नावं आहेत, एसडब्ल्यूपीचं, म्हणजे फंडातून दरमहा ठरावीक रक्कम काढण्याचं, गणित आहे, त्यांच्या मुलाचा पुण्यातला पगारसुद्धा आहे. त्यांच्या बायकोबद्दल, काकूंबद्दल, मात्र एक ओळ नाही. कुठे होत्या त्या? चहा ठेवून आत गेल्या असतील. मग तुझी मीटिंग झालीच नाही, असं समज.

मृत्युपत्र लिहिणं वकिलाचं काम. ते नसेल तर काय होतं, हे नवरा-बायकोसमोर मांडणं आपलं. नवऱ्यासमोर नव्हे, दोघांसमोर. फ्लॅट एकट्याच्या नावावर, दोन मुलं, बायको आणि साताऱ्याला म्हातारी आई, असं तूच लिहिलंयस. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर चौघांना सारखा वाटा. ज्या घराच्या हप्त्यांसाठी काकूंनी वर्षानुवर्षं डबे केले, त्यात त्यांचा हिस्सा चार आणे. पुढे आजी गेल्या की त्यांचे चार आणे त्यांच्या सगळ्या मुलांत वाटले जाणार, म्हणजे दीर-नणंदा काकूंच्या घरात भागीदार. हे गृहस्थांना एकट्याला सांगितलंस तर त्यांना स्वतःचं मरण ऐकू येतं. काकू शेजारी बसल्या असतील तर तोच विषय त्यांच्या घराचा होतो. भडकणारी माणसं बायकोसमोर ऐकून घेतात, हे मी पाहत आलोय.

ते म्हणतील, सोसायटीत नॉमिनी लावलाय. लावला असेल. नॉमिनी मालक नसतो, तो वारसांसाठी सांभाळतो. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. (विम्याचे नियम थोडे वेगळे, ते भेटीत बोलू.) आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की हे उघडं पडतं. सगळ्यांच्या सह्या होतात आणि एका फ्लॅटपाशी गाडी अडते. मालक कधीच वारलेले, आणि वारस एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

आता पेन्शन प्लॅनचं. मासिक रक्कम जिथे मोठी दिसते तो पर्याय बहुतेक वेळा एकट्याच्या हयातीपुरता असतो. माणूस गेला, पेन्शन थांबली. जोडीदाराच्या हयातीपर्यंत चालणाऱ्या पर्यायात रक्कम थोडी कमी, म्हणून विकणारा तो शेवटी दाखवतो. एकदा सुरू झालं की बदलता येत नाही. या सहीचा परिणाम फक्त काकूंवर होणार, आणि सही होताना काकू स्वयंपाकघरात! मला याचा संताप येतो, वय झालं तरी येतो. त्या नवऱ्यापेक्षा लहान, त्यातून बायका जास्त जगतात. महागाई सहा टक्के धरली तरी बारा वर्षांत खर्च दुप्पट. निवृत्तीचा सगळ्यात अवघड भाग त्याच काढणार आहेत, तोही एकट्याने. निवृत्ती मुळात कोणाची, याचा कधी विचार केलास?

सिनियर सिटिझन स्कीममध्ये 30 लाख टाकायचं चाललंय ना? उत्तम. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500. हे व्याज कोणाच्या खात्यात जमा होणार? त्या खात्याचा एटीएम पिन काकूंना माहीत आहे? विचार जरा.

आणि मुलाच्या नावे फ्लॅट बक्षीसपत्राने करून मोकळं व्हायचं डोक्यात असेल, तर त्यांना थांबव. राहतं घर मुलाला द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये, म्हणून लोक भुलतात. मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र केलं की घर गेलं. सांभाळ करण्याची अट घातलेली असेल तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली ते रद्द करून घेता येतं, पण त्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी पोटच्या पोराविरुद्ध खेटे घालायचे. काकूंना विचारल्याशिवाय त्या कागदाच्या वाटेला कोणी जाऊ नये.

तू म्हणशील, काका एकच गोष्ट किती वेळा सांगणार. सांगणार. या एका हट्टापायी मी पुष्कळ धंदा घालवलाय. एक जवळचा मित्र म्हणाला, "तिला यातलं काही कळत नाही, तू फॉर्म भर." मी नाही भरला. तो दुसरीकडे गेला. आता गडकरी रंगायतनला नाटकाच्या मध्यंतरात दिसलो तर मान फिरवतो. खूप जुनी मैत्री होती, वाईट वाटतं. उद्या तो परत आला तरी मी हेच विचारीन, वहिनी कुठे आहेत? 2018 मध्ये फंडांचं अपफ्रंट, म्हणजे विकल्याबरोबर मिळणारं, कमिशन गेलं तेव्हा माझ्या बरोबरीचे बरेच जण विम्याकडे वळले, कारण तिथे पहिल्या वर्षाचं कमिशन घसघशीत. त्यांचे आज घोडबंदर रोडला मोठे फ्लॅट आहेत. मी चरईतच, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. बायको अधूनमधून ऐकवते. ऐकवू दे.

यात माझा स्वार्थ नाही असंही समजू नकोस. आपण ट्रेलवर, म्हणजे पैसे फंडात राहतील तोवर मिळणाऱ्या कमिशनवर, जगतो. नवरा गेल्यावर, जिने तुला कधी नीट पाहिलंच नाही, ती बाई पैसे तुझ्याकडे कशाला ठेवील? मुलगा दुसऱ्याच दिवशी सगळं काढून नेईल. माझ्याकडे आज ज्या एकट्या बायका येतात, त्या पहिल्या भेटीपासून समोर बसलेल्या आहेत. त्यामुळे कोणी मला फटकळ म्हणालं तर म्हणू दे.

आणखी एक. आपण दोघेही फंडांचे वितरक, सल्लागार नव्हे. 2020 पासून नोंदणी नसताना पाटीवर सल्लागार लिहायला बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची बंदी आहे, मीही पाटी बदलली. पैसे आपल्याला कुठून मिळतात, हे पहिल्या भेटीतच दोघांना सांग. गृहस्थांना सांगून झालं असेल तर काकूंना परत सांग.

त्यांना फोन कर, शनिवार संध्याकाळची वेळ घे. फाइल उघडू नकोस. आधी काकूंना विचार, महिन्याला घरात किती लागतात. आकडा त्यांच्याकडेच असतो, गृहस्थ अंदाजपंचे सांगतात. मग दोघांकडून सगळ्या खात्यांची, ठेवींची, लॉकरची यादी त्यांच्याच हस्ताक्षरात करून घे आणि एक प्रत काकूंच्या कपाटात ठेवायला सांग. मृत्युपत्राचा विषय आपोआप निघेल. दोन साक्षीदार लागतात आणि ते लाभार्थी नसावेत, एवढं लक्षात ठेव. बाकीचं पाहायला कोर्ट नाक्यावरचे आपले वकील आहेत, नंबर देतो.

गृहस्थ म्हणाले, ती नको, मी एकटाच बसतो, तर चहा घे, नमस्कार कर आणि निघून ये. नेरूळपर्यंतचं रिक्षाभाडं माझ्याकडून घे.

काका