आजी बारीक, तरी मधुमेह का?

पत्र : बारावी सायन्सला आहे, देवगडजवळ राहते. आजी अंगाने अगदी बारीक, तरी तिला मधुमेह आहे. कॉलेजच्या सरांनी चरबीच्या पेशी आणि ग्रोथ फॅक्टरबद्दल सांगितलं, तेव्हापासून यातच संशोधन करावंसं वाटतंय. बाबा म्हणतात, त्यात पोट भरणार नाही, नर्सिंग कर. काय करू?

उत्तर : तुझ्या आजीचं कोडं जुनं आहे आणि त्यावर मोठं काम झालंय ते पुण्यातच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के! म्हणजे वजनकाटा सगळं सांगत नाही. चरबी किती, कुठे साठते आणि तिच्या पेशी कशा तयार होतात, हे पाहावं लागतं.

ग्रोथ फॅक्टर येतात ते इथे. तुमच्याकडे आंब्याच्या कलमाला कल्टार हे वाढ आवरणारं औषध घातलं की झाड पालवी आवरून मोहराकडे वळतं; तसा मूळ पेशीला कुठे वळायचं याचा इशारा ही प्रथिनं देतात. त्यातलं बीएमपी-4 तिला पांढऱ्या, साठवणाऱ्या चरबीकडे नेतं, तर बीएमपी-7 उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी चरबीकडे. टीजीएफ-बीटा ही वाटचाल रोखून धरतं. व्हीईजीएफमुळे वाढत्या चरबीत रक्तवाहिन्या पसरतात. त्या कमी पडल्या तर पेशींना प्राणवायू पुरत नाही, सूज येते. साठवण नीट झाली नाही की चरबी यकृतात आणि स्नायूंत जाते, मग इन्सुलिन नीट काम करत नाही. आजीच्या बाबतीत हेच झालं, असं पत्रावरून कोणी सांगू शकणार नाही. तिची औषधं मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच चालू द्या.

आता एफजीएफ-21 या आणखी एका ग्रोथ फॅक्टरबद्दल, कारण या क्षेत्राचा स्वभाव त्यात कळतो. हे प्रथिन मुख्यतः यकृतात बनतं. लठ्ठ उंदरांना दिलं तर वजन उतरलं, साखरही उतरली. सगळे खूश. माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा रक्तातले ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीचे घटक, छान कमी झाले, साखर मात्र फारशी हलली नाही. दहा-पंधरा वर्षं एका रेणूमागे घालवून असं उत्तर हाती आलं, तरी पुढचा प्रश्न विचारायची इच्छा उरेल का? हे स्वतःला आधी विचार. रोजचं कामही चकचकीत नसतं. उंदराच्या, चरबीच्या पेशी बनू शकणाऱ्या 3टी3-एल1 पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, आठ-दहा दिवस त्यांच्यात तेलाचे थेंब धरायची वाट पाहायची, आणि प्लेटमध्ये बुरशी आली की पुन्हा पहिल्यापासून.

बाबांचा प्रश्न रास्त आहे. बीएस्सी, एमएस्सी, मग पाचेक वर्षं पीएचडी. स्थिर नोकरी तिशीच्या आसपास. पण नेट-जेआरएफ ही संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहेत, पीएचडीचा भार घरावर येत नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर एमएस्सीवर औषध कंपन्या आणि क्लिनिकल रिसर्चमध्ये कामं मिळतात. नर्सिंगही कमी प्रतीचं नाही, पण तुझा ओढा तिकडे नाही हे पत्रात दिसतंच.

बारावीनंतर आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा दे. नाही जमली तर रत्नागिरीला साधं बीएस्सी कर, विषय केमिस्ट्री किंवा झूऑलॉजी. लाखो रुपये फी घेणाऱ्या, ‘बायोटेक’ पाटीच्या खासगी कॉलेजात जाऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रॅक्टिकलचा पाया पक्का असेल तर जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सीला चांगल्या संस्थेत जाता येतं. चिपळूणजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर दीर्घकालीन अभ्यास चालतो. सुट्टीत जाऊन बघता येईल का, ते सरांकडून पत्र घेऊन विचार.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस : गणित ठेवलंयस की सोडलंस? आयएटीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित चारही विषयांचे प्रश्न असतात. सोडलं असेल तर शिकवणी आत्ताच लाव, परीक्षेच्या तोंडावर नको.