तीनला उठतो

"मॅडम, पहिल्या दिवशी तुम्ही नेमकं काय विचारता?" समुपदेशनासाठी फोनवर वेळ ठरवताना जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, आणि त्या प्रश्नाच्या पोटात आणखी प्रश्न असतात. सगळं सांगावं लागतं का? घरी कळवता का? गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत म्हणे? एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही: मला वेडं ठरवणार का?

राजारामपुरीत माझ्या शेजारीच दातांचा दवाखाना आहे. पुष्कळ जण गालाला हात लावूनच जिना चढतात. तालमीत चारचौघांदेखत पाठ टेकली तर चालते, पण डोक्याच्या डॉक्टरकडे जाताना कुणी बघायला नको, असं आमचं कोल्हापूर.

अशाच एक बाई, डबे करून देणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय चाळिशीच्या पुढे. दोनदा वेळ घेऊन आल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा आल्या, खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "माझं काय न्हाई ओ. भाचीसाठी आलोय."

भाची कुठाय, असं मी विचारलं नाही. फॉर्मवर भाचीचं नाव पडलं.

पहिल्या भेटीत आधी बोलते ती मी. वेळ साधारण पाऊण ते एक तास. इथलं बोलणं इथेच राहतं. गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही दिलेला आहे. अपवाद थोडे, पण ते मी लपवत नाही: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल, किंवा कोर्टाने मागितलं, तर मला बोलावं लागतं. गोळ्या मी देत नाही. तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञांचा, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे त्या विषयात शिकलेल्या डॉक्टरांचा. गरज दिसली तर त्यांच्याकडे पाठवते आणि तिथे जायला लाजू नका म्हणून सांगते. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल, तर "आत्ता नको" म्हटलं की पुरे.

मग साधे प्रश्न सुरू होतात. झोप, भूक, थायरॉइड तपासलंय का, कुठली औषधं चालू आहेत, घरात कोण कोण, त्रास कधीपासून. जीव द्यावासा वाटतो का, हेही मी सरळ विचारते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा श्वास घेतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

बाई भाचीची उत्तरं देत होत्या. छातीत धडधडतं तिच्या. ईसीजी काढला, चांगला आला. जेवण जात नाही.

"मग रात्री काय करते ती?"

"काय करणार? तीनला उठतो. दार उघडतो, पायरी बघतो. कोरडी असली की परत पडतो. परत तासाभरानं उठतो."

कोल्हापूरच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, हे बाहेरच्यांना गमतीचं वाटतं. पण भाची असती, तर ती ‘उठते’. ‘उठतो’ म्हणणारी बाई समोर बसली होती. पुण्याहून आलेल्या एखाद्याच्या कानावरून हे क्रियापद सरकून गेलं असतं. मी इथल्याच गंगावेशीत वाढलेली. (एवढा टेंभा मिरवू द्या.)

पकडलं, असं मी दाखवलं नाही. चोरी धरल्यासारखं वाटलं, तर माणूस जिना उतरून जातो. मी एवढंच विचारलं, "पायरीवर काय दिसेल असं वाटतं?"

पंख्याचा आवाज येत होता. बाहेर वळीव नुकताच पडून गेला होता. बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पाणी," त्या म्हणाल्या.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी रात्री त्यांच्या पायरीवर चढलं होतं. डब्यांचं सगळं सामान गेलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून पहिला पाऊस पडला की तीनची जाग सुरू होते, ती दिवाळीपर्यंत.

"पण मॅडम, पाण्याला भिऊन कोण डॉक्टरकडं येतंय व्हय? म्हणून भाची म्हटलं."

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची पातळी आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. मी विचारलं, "आज, या खुर्चीत, तुमची पातळी किती फूट?" त्या पहिल्यांदा हसल्या. "चाळीस-एकेचाळीस असंल."

पहिल्या भेटीत याहून जास्त काही व्हावं लागत नाही. बंधाऱ्यावरचा माणूस पाणी अडवत नाही, पट्टीवर आकडा बघून कळवतो. आम्ही पहिल्या दिवशी तेवढंच करतो, आणि मी कशी आहे ते बघायला तुम्हीही आलेले असता. माझ्याशी सूर जुळला नाही, तर दुसरीकडे जायला तुम्ही मोकळे. उठताना शिक्षण आणि अनुभव विचारा, फी विचारा, पुढे साधारण किती भेटी लागतील तेही. असं विचारल्याचा राग येणाऱ्याकडे परत जाऊ नका.

नंतरच्या भेटींचं थोडक्यात सांगते. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. माणसाला घटनेइतकाच तिच्याबद्दलचा हट्ट छळतो, असं मानणारी. आणि मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो, ‘च’. "पाणी येताच कामा नये" हे बाईंचं वाक्य आम्ही बरेच दिवस घासत होतो. शेवटी त्यांचं त्यांनीच केलं: "येऊ नये असं वाटतं. आलंच तर काय करायचं ते ठरवून ठेवू." इथला ‘च’ मी राहू दिला. मग सामान माळ्यावर कोणत्या आकड्याला टाकायचं, गॅसची टाकी कुणाकडे ठेवायची, डब्यांच्या पोरांना कधी कळवायचं, हे कागदावर उतरलं. रात्री दार एकदाच उघडायचं ठरलं. पंधरा दिवस ते जमलं नाही, मग जमायला लागलं.

वेळ मिळेपर्यंत थांबवत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास फुकट लागतो, मराठीतूनही बोलता येतं. तिथे नाव भाचीचं सांगितलं तरी ऐकून घेतील.

गेल्या जुलैत बाईंचा फोन आला. मागे पाऊस वाजत होता.

"मॅडम, एकोणचाळीसला टेकलं. सामान वर टाकलंय. पोरांना दोन दिवस डबा न्हाई म्हणून सांगितलंय." मग जांभई ऐकू आली. "झोपतो आता."