डुकराचं मांस ताजं दिसत असूनही त्यात जंतू येतात कुठून?

धडधाकट जनावराच्या मांसात आत सहसा जंतू नसतात. ते येतात आतड्यातून, कातडीवरून आणि सुरीवरून. पोट फाडताना आतड्याला जरा चीर गेली की साल्मोनेला (जुलाब-ताप आणणारा जंतू) थेट मांसावर, आणि तीच सुरी पुढच्या डुकराला. युरोपात म्हणूनच सुऱ्या किमान ८२ अंश सेल्सिअसच्या पाण्याने किंवा तितक्याच परिणामकारक पद्धतीने निर्जंतुक करायचा नियम आहे. आपल्याकडे बऱ्याचदा फडक्याला पुसतात, म्हणजे जंतू वाटतच फिरतात! सगळ्यात चिवट जंतू म्हणजे लिस्टेरिया. स्लायसरच्या (मांसाचे काप करणाऱ्या यंत्राच्या) पात्यामागच्या फटीत चिकट थर करून बसतो. आधी घासल्याशिवाय जंतुनाशक त्याला नीट भिडत नाही, वर फ्रिजमध्येही वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात मांस आणायला बर्फाचा डबा न्याच. नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावरच्या कोशिंबिरीत जातात.