चराचरातला देव बघायचा कसा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आम्ही दर पावसाळ्यात कासला, भंडारदऱ्याला जातो. सगळं सुंदर असतं, फोटोही छान येतात. पण ‘इथे देव दिसतो’ असं लोक म्हणतात, तसं काही होत नाही. आमचं काय चुकतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जागा बरोबर आहे, मुक्काम कमी पडतो. गीतेच्या दहाव्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो, की कोणकोणत्या गोष्टींत तुझं चिंतन करू? कृष्ण त्याला ‘सगळीकडे’ एवढं सांगून वाटेला लावत नाही. झाडांत पिंपळ, महिन्यांत मार्गशीर्ष, ऋतूंत वसंत, जलाशयांत समुद्र, असं एकेकाचं नाव घेऊन दाखवतो. तुम्हीही तसंच एक काही निवडा. दिवसात सात पॉइंट उरकण्यापेक्षा एक झाड, एक डबकं किंवा हातभर जमीन घ्या आणि पाऊण तास तिथून हलू नका.

पहिली दहा मिनिटं डोक्यात घरचे हिशेब चालतात. ती जाऊ द्यावीत. आपल्या चाहुलीने गप्प झालेले पक्षी पुन्हा बोलायला लागतात ते साधारण यानंतर, आणि बहुतेक मंडळी त्याआधीच उठलेली असतात. आधी डोळे मिटून सगळ्यात जवळचा आवाज शोधा, मग सगळ्यात लांबचा. नंतर डोळे उघडून फक्त हातभर अंतरावरचं बघा. फुलांची नावं आठवायची घाई नको. नाव सापडलं की बघणं थांबतं. नावं परतताना विचारा, तीही हवीतच. फोटो शेवटी, एकच. नामस्मरण आपोआप चालू असेल तर चालू द्या. माळ मात्र नको, लक्ष मण्यांच्या मोजणीत जातं. दोघं असाल तर एकमेकांचं कुजबुजणं ऐकू येणार नाही इतकं लांब बसा.

बैठक वाया जाते ती बहुतेकदा ‘आता काहीतरी वाटलं पाहिजे’ या घाईने. बऱ्याच बैठका कोऱ्याच जातात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. आणि जागा बदलू नका. सह्याद्रीतली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. सहा वर्षं नुसतं हिरवं झुडूप, सातव्या वर्षी अख्खा उतार जांभळा, मग बी धरून झाड वाळून जातं. त्या उतारावर जो दरवर्षी बसला, त्याला सातव्या वर्षी जे दिसेल ते फक्त फुलांच्या वर्षी आलेल्याला दिसणार नाही. कासला पायवाट तेवढी सोडू नका. जांभ्यावर मातीचा थर फार पातळ आहे, पाऊल पडलं की पुढच्या वर्षीची रोपंही दबतात.

प्रश्न : देवराईतून आठवण म्हणून एखादी बी किंवा दगड आणला तर चालेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. कित्येक देवरायांत वाळकी काटकीसुद्धा बाहेर नेत नाहीत, म्हणून तर मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली तिथे अजून टिकून आहेत. चपला बाहेर काढा आणि रिकाम्या हाताने परत या. देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी मागितली, तर फरशी आणि दिव्यांसाठी झाडं तुटणार आहेत का, हे आधी विचारा.

प्रश्न : अनंत, अनादि हे शब्द कीर्तनात नेहमी ऐकतो. त्याचा डोळ्यांनी अनुभव घेता येतो का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : त्याच्या उंबऱ्यापर्यंत नक्की जाता येतं. कार्तिक अमावास्येच्या आसपास, रात्री आठच्या सुमारास, गावाच्या दिव्यांपासून दूर जा. शहर दक्षिणेला राहील अशी जागा निवडा, कारण बघायचं आहे उत्तरेला. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइल एकदा उघडला की सगळं पहिल्यापासून. बॅटरी लागलीच तर तिला लाल कागद लावा.

डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, तो भाद्रपदांचा. उत्तरेकडे तोंड करून त्याचा ईशान्येचा तारा धरा. तिथून उजवीकडे जाणाऱ्या रांगेतला एक मंद तारा सोडून पुढचा ठळक तारा गाठा. आता खाली ध्रुवाकडे, किंचित डावीकडे वळा. दोन मंद तारे लागतील. दुसऱ्याच्या शेजारी धुरकट, लांबट डाग आहे, ती देवयानी दीर्घिका, म्हणजे असंख्य ताऱ्यांचा एक प्रचंड समूह. थेट बघितलं तर ती हरवते, नजर जराशी बाजूला ठेवली की उमटते. साधी दुर्बीण असेल तर आणखी स्पष्ट.

तो प्रकाश निघाला २५ लाख वर्षांपूर्वी, आपली माणूसजात जन्मायच्या कितीतरी आधी. तुम्ही सह्याद्रीतल्या काळ्या कातळावर बसला असाल, तर हा प्रकाश निघाला तेव्हाच तो कातळ सहा कोटी वर्षांहून जुना झालेला होता. हे आकडे एकदा सांगून झाले की सोडून द्या. आकडा कितीही मोठा असला तरी संपतो. अनंताची चाहूल लागते ती मोजणं आपोआप थांबतं तेव्हा. म्हणून डाग सापडल्यावर निदान १५ मिनिटं कुणी बोलू नये.

प्रश्न : साप बेडूक गिळतो, पूर गावं नेतो. मग निसर्गात देव कसा म्हणायचा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पुरात ज्यांचं घर गेलं त्यांना सौंदर्य समजावून सांगू नये, आधी त्यांच्या मदतीला जावं. पण प्रश्न खरा आहे, आणि परंपरेने तो झाकलेला नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप बघून अर्जुन थरथर कापतो, कारण त्या रूपात गिळणाऱ्या दाढाही आहेत. कासच्या पठारावरची ‘सीतेची आसवं’ गुडघे टेकून बघा. निळंजांभळं, नखाएवढं फूल. त्याच्या खाली ओल्या मातीत बारीक फुगे असतात, आणि ते सूक्ष्म जीव निमिषात आत ओढून पचवतात. तिथल्या मातीत पोषण तुटपुंजं, त्यावर त्या रोपाने काढलेला हा मार्ग. फूल आणि फुगा एकाच रोपाचे आहेत. फुलापुरतंच बघून देव मानला, तर पहिल्याच वादळात तो मोडतो.

प्रश्न : सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेची एक खिडकी, एवढाच त्यांचा निसर्ग. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : पूर्वेची खिडकी म्हणजे बरंच काही आहे. सकाळचं पहिलं ऊन समोरच्या भिंतीवर पडतं, तिथे दर रविवारी पेन्सिलने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. सूर्याकडे थेट बघायला लावू नका, ऊन पुरेसं आहे. आपल्याकडे सूर्योदयाची जागा वर्षभरात पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश सरकते. भिंत खिडकीपासून दहा फुटांवर असेल, तर मार्चअखेरीस ऊन आठवड्यात जवळजवळ अर्धा फूट दक्षिणेकडे जाईल. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र ते जागचं हलत नाही असं वाटेल. पावसाळ्यात खुणा तुटतील, मधली जागा कोरी ठेवा. पुढच्या वर्षी त्याच तारखेला ऊन त्याच रेघेवर येतं. पलंग सरकवू नका, नाहीतर त्यांना भिंत दिसणार नाही. आणि घराला रंग काढलात तर तेवढी पट्टी सोडायला रंगाऱ्याला सांगा.